अठरा महिन्यांत कॅप्टन

‘‘काय करायचं, कॅप्टन?’’ खानोलकरांनी विचारलं आणि मी डावीकडे पाहिलं.

डावीकडे खिडकी होती. खिडकीबाहेर पांढुरका धुरळा होता आणि त्याच्या खाली कुठेतरी सोलापूरचा विमानतळ होता. सकाळपासून जोराचा वारा सुटलेला, त्यामुळे धावपट्टी दिसत नव्हती. टॉवरवाला म्हणत होता की थोड्या वेळात दिसेल, पण थोडा म्हणजे किती ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

मी मान पुन्हा सरळ केली. ‘‘इंधन भरपूर आहे. वीस मिनिटं घिरट्या घालू. नाही दिसलं तर मुंबईला परत.’’

‘‘बरं,’’ खानोलकर म्हणाले.

थोड्या वेळाने धुरळा बसला, धावपट्टी दिसली आणि मी विमान असं उतरवलं की मागे एक बाळ झोपलं होतं ते झोपलेलंच राहिलं. हे मला एअर होस्टेसने नंतर सांगितलं. मी फार खूश झाले. ती माझी कॅप्टनपदाची शेवटची परीक्षा होती.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. विमानात पुढे दोन खुर्च्या असतात. डावीकडे कॅप्टन आणि उजवीकडे को-पायलट. उडवतात दोघंही, आलटून पालटून. पण जमिनीवर विमान वळवायचं छोटं चाक आमच्या विमानात फक्त डावीकडे होतं, आणि काय करायचं ते ठरवायचं कामही फक्त डावीकडे होतं. उजवीकडचा माणूस पाहतो, सांगतो, सुचवतो आणि मग डावीकडे बघतो. उजवीकडून डावीकडे जायला मोठ्या कंपन्यांत सात-आठ वर्षं लागत. आमच्या कंपनीने अठरा महिने सांगितले होते.

आमची कंपनी म्हणजे गरुडझेप एअरवेज. मालकांचा मूळ धंदा लोणच्याचा. भरतीच्या दिवशी त्यांनी आम्हाला पुण्याच्या एका हॉटेलात बोलावलं, जेवू घातलं आणि सांगितलं, ‘‘आपण चाळीस विमानं घेतोय. चाळीस विमानांना कॅप्टन किती लागतील? तुम्हीच हिशेब करा.’’ आम्ही हिशेब केला आणि सह्या केल्या. विमानं पुढे पाच आली. तरीही वचन पाळायची वेळ आली, कारण पंधराव्या महिन्यात आमचे बरेचसे जुने कॅप्टन आखातात चांगल्या पगारावर निघून गेले. विमानं होती, प्रवासी होते, फक्त डाव्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

आमच्या तुकडीत सगळ्यांत जास्त तास माझे भरले होते. म्हणून पहिला नंबर माझा लागला.

सोलापूरला प्रवासी उतरल्यावर खानोलकर आणि मी पंखाच्या सावलीत चहा प्यायला उभे राहिलो. कॅप्टन विश्वास खानोलकर मूळचे वेंगुर्ल्याचे. आधी हवाई दल, मग तीस वर्षं प्रवासी विमानं, आणि आता आमच्या कंपनीत उरलेले एकमेव परीक्षक. ते विनोद करत नसत.

‘‘लँडिंग छान केलंस,’’ ते म्हणाले.

‘‘थँक यू, सर.’’

‘‘निर्णयही बरोबर होता.’’

‘‘थँक यू, सर.’’

‘‘मी तुला पास करत नाही.’’

मी कपात पाहिलं. कपात चहाच होता. ‘‘का, सर?’’

‘‘मी विचारलं तेव्हा तू कुठे बघितलंस?’’

‘‘कुठे?’’

‘‘तेच विचारतोय.’’

मी आठवून पाहिलं आणि मला आठवलं. रागावले की खानोलकर मालवणीवर येत, पण तेव्हा ते रागावलेले वाटत नव्हते. वेंगुर्ल्याला एखाद्या भाचीला विचारावं तसं त्यांनी विचारलं, ‘‘चेडवा, खिडकेक काय इचारी होतंस?’’

‘‘सवय आहे, सर. उजवीकडे बसून बसून.’’

‘‘सगळ्यांनाच असते. जाते ती.’’

‘‘किती दिवसांत?’’

‘‘माझी जायला पाच वर्षं लागली. एकाची गेलीच नाही, तो आता आखातात मोठ्या हुद्द्यावर आहे.’’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘आज वीस मिनिटं हातात होती म्हणून दोन सेकंद खिडकीला दिलेली चालली. चल, परत जाताना उजवीकडे बस.’’

मला त्यांचा इतका राग आला की सोलापूर ते मुंबई मी कामापलीकडे एक अक्षर बोलले नाही. त्यांना ते बरंच वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी नाडकर्णी मॅडमनी मला बोलावलं. भरती, बढती आणि जाहिरात ही तिन्ही खाती त्यांच्याकडेच होती. त्यांच्या टेबलामागे माझाच फोटो होता, दारापेक्षा मोठा. मी हात बांधून उभी, मागे विमान, खाली ‘आज को-पायलट, अठरा महिन्यांत कॅप्टन!’ माझ्या खांद्यावर तेव्हा तीन पट्ट्या होत्या. फोटोत कॅप्टनच्या चार होत्या. चौथी कॉम्प्युटरवर लावली होती. तोच फोटो विलेपार्ल्याला हायवेवर चार मजले उंच लागला होता आणि माझ्या गावाहून, बार्शीहून, आलेल्या प्रत्येक माणसाने त्याच्यासमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढला होता.

‘‘रेवती,’’ नाडकर्णी मॅडम म्हणाल्या, ‘‘तू खिडकीबाहेर बघितलंस म्हणून नापास?’’

‘‘बाहेर नाही मॅडम. खिडकीकडे.’’

‘‘मी सगळं मॅन्युअल वाचलं. खिडकीकडे बघू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट बघावं असंच आहे.’’

‘‘हो मॅडम.’’

‘‘तुला कॅप्टन व्हायचंय ना?’’

हा प्रश्न त्यांनी मला विचारायला नको होता. मी बार्शीची. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, मोटारी रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीच्या जळालेल्या मोटारी खोलून त्यांत नवीन तार भरत त्यांनी मला वैमानिक केलं होतं. दुकानाच्या पाटीवर ‘उंबरजे इलेक्ट्रिकल्स’च्या खाली त्यांनी गेल्याच महिन्यात पेंटरकडून थोडी जागा मोकळी ठेवून घेतली होती. तिथे काय लिहिणार, असं विचारलं की ते हसत आणि म्हणत, ‘‘बघू की.’’ मला कॅप्टन इतकं व्हायचं होतं की झोपेतून उठवून कोणी विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते.

‘‘हो,’’ मी म्हणाले.

‘‘मग झालं. गुरुवारी दिल्लीहून एक सर येतायत. ते घेतील परीक्षा.’’

गुरुवारी दिल्लीचे सर आले. अतिशय सभ्य गृहस्थ. जाता-येता हवा स्वच्छ होती. त्यांनी सँडविच खाल्लं, मुंबईत चांगले मासे कुठे मिळतात ते विचारलं आणि बाकी एकही प्रश्न विचारला नाही, त्यामुळे मला कुठे बघायची वेळच आली नाही. मी पास झाले.

आनंद झाला. खोटं कशाला सांगू, खूप आनंद झाला. मी अप्पांना फोन केला. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं, मग म्हणाले, ‘‘थांब, दुकानात गिऱ्हाईक आलंय,’’ आणि फोन ठेवला. रविवारी बार्शीत माझा सत्कार ठरला. शाल, नारळ, फेटा आणि नगराध्यक्षांचं भाषण.

त्याआधी शनिवारी माझं कॅप्टन म्हणून पहिलं उड्डाण होतं, मुंबई ते सोलापूर.

नव्या कॅप्टनबरोबर जुना को-पायलट द्यायची पद्धत असते. आमच्याकडे जुना उरला नव्हता. त्यामुळे उजवीकडे शेळके आला. ऋषभ शेळके, संगमनेरचा, चोवीस वर्षांचा, कंपनीत येऊन जेमतेम तीन महिने झालेले. बसल्याबसल्या त्याने मला सांगितलं, ‘‘मॅडम, मला मोठ्या कंपनीतही घेत होते. पण तिथे सात-आठ वर्षं उजवीकडेच बसवतात. मग मी तुमचं होर्डिंग बघितलं.’’

‘‘अच्छा,’’ मी म्हणाले.

‘‘घरचे म्हणत होते मोठी कंपनी धर. मी म्हटलं, ही बाई बघा, खोटं कशाला सांगेल?’’

आम्ही निघालो. धावपट्टीकडे जाणाऱ्या विमानांची लांब रांग लागली होती आणि आमचा नंबर आता येणार होता. एवढ्यात मागचं सामानाचं दार उघडं असल्याचा दिवा लागला. लागला आणि विझला. पुन्हा लागला नाही.

शेळकेने दिवा पाहिला. मग त्याने डावीकडे, माझ्याकडे पाहिलं.

मी परत जायचं ठरवलं. नियमात बसणारं होतं आणि त्यात काही शौर्य नव्हतं. रांगेतून बाहेर पडून विमान वळवलं, जागेवर आणलं, इंजिनं बंद केली. मागे प्रवाशांची कुजबुज सुरू झाली. इंजिनिअर आला, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं आणि कॉकपिटमध्ये डोकावून म्हणाला, ‘‘दार एकदम ओके. उन्हाने होतं असं. सेन्सर नाजूक आहे. मी लिहून देतो, जावा तुम्ही.’’

‘‘पुन्हा लागला तर?’’ मी विचारलं.

‘‘नाही लागायचा.’’

‘‘वर गेल्यावर लागला तर?’’

‘‘मग तुम्ही ठरवायचं. कॅप्टन तुम्ही.’’ तो हसला आणि गेला.

‘‘काय करायचं, मॅडम?’’ शेळकेने विचारलं.

आणि मी डावीकडे पाहिलं.

खिडकीबाहेर सामानाचा ट्रॅक्टर उभा होता. त्याचा ड्रायव्हर सीटवर पाय दुमडून मोबाइलवर काहीतरी बघत होता. मी त्याच्याकडे चांगली बघत राहिले. दोन सेकंद नाही, बरीच. मला भीती वाटली. दाराची नाही, दार बंद होतं. माझ्यामागे सदुसष्ट माणसं बसली होती आणि मी त्यांच्या वतीने एका ट्रॅक्टरवाल्याला विचारत होते, याची वाटली.

‘‘मी नेत नाही,’’ मी म्हणाले.

‘‘दार तर ठीक आहे ना?’’

‘‘आहे.’’

‘‘मग?’’

‘‘मला ठरवता येत नाहीये. खाली येत नाहीये, वर कसं येईल?’’

शेळकेला काही समजलं नाही. मी ऑफिसला कळवलं. तिकडून नाडकर्णी मॅडमचा फोन आला. त्यांनी आधी समजावलं, मग ओरडल्या, मग रडवेल्या आवाजात म्हणाल्या, ‘‘अगं, आज फोटोग्राफर पाठवलाय सोलापूरला!’’ पण विमान न्यायला कॅप्टन लागतो आणि तयारीत बसवलेले कॅप्टन त्या दिवशी एकच होते. अर्ध्या तासात खानोलकर बॅग घेऊन आले.

‘‘काय झालं?’’

‘‘दाराचा दिवा लागला होता.’’

‘‘तपासलं?’’

‘‘दार ठीक आहे.’’

‘‘मग?’’

मी खुर्चीचा पट्टा सोडला. त्यांनी पुढे विचारलं नाही. म्हणाले, ‘‘सरक.’’ मी उठले. ते डावीकडे बसले, शेळकेला मागच्या छोट्या खुर्चीवर पाठवलं आणि मला उजवीकडे बसायला सांगितलं. शाबासकी दिली नाही. मला ती हवी होती. मी वाट बघत राहिले आणि ती आली नाही.

विमान वर स्थिर झाल्यावर मागून शेळकेने विचारलं, ‘‘मॅडम, मग माझ्या अठरा महिन्यांचं काय?’’

खानोलकर मला म्हणाले, ‘‘सोलापूरची हवा विचारून घे.’’

अशा रीतीने मी कॅप्टन झाले आणि एका सकाळपुरती राहिले. सोमवारी मला पुन्हा को-पायलट करण्यात आलं. बार्शीच्या सत्काराचा मांडव घातलेला होता, शाल-नारळ आणलेले होते, नगराध्यक्ष भाषण पाठ करून आले होते, म्हणून त्यांनी तो सत्कार जिल्ह्यात दुसऱ्या आलेल्या एका पैलवानाचा केला. भाषणात ‘गगनभरारी’ हा शब्द तसाच राहिला असं कळलं. अप्पा सत्काराला बसले, टाळ्या वाजवल्या आणि घरी आले. मला त्यांनी यातलं काहीही विचारलं नाही. पाटीवरच्या मोकळ्या जागेत ‘येथे मिक्सर दुरुस्त करून मिळेल’ असं लिहून घेतलं.

निवृत्त होण्यापूर्वी खानोलकरांनी मला आणखी एकदा तपासलं आणि पुन्हा नापास केलं. त्या वेळी मी खिडकीकडे पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे पाहिलं होतं.

त्या शनिवारनंतर सव्वा वर्षाने अप्पा डोळे तपासायला मुंबईला आले. मोतीबिंदू अजून पिकला नव्हता. परत जाताना त्यांना सोलापूरपर्यंत विमानाने पाठवायचं मी ठरवलं, कारण कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना सवलत होती आणि अप्पा आजवर एकदाही विमानात बसले नव्हते. ‘‘तू चालवशील तेव्हा बसेन,’’ असं ते म्हणत, पण मी त्यांना बळेच तयार केलं.

रिक्षा विलेपार्ल्याच्या सिग्नलला थांबली. समोर होर्डिंग होतं. माझ्या जागी शेळके, हात बांधून, मागे तेच विमान. खाली लिहिलं होतं, ‘अठरा नव्हे, पंधरा महिन्यांत कॅप्टन!’

‘‘हा कोण?’’ अप्पांनी विचारलं.

‘‘आमच्यातला आहे. कॅप्टन.’’

‘‘बारकाच दिसतोय की.’’

‘‘आहेच बारका.’’

मला त्याची काळजी वाटली असं सांगायला आवडलं असतं. मला हेवा वाटला. त्याच्या चारही पट्ट्या खऱ्या होत्या. सिग्नल सुटेपर्यंत मी त्या मोजत बसले.

विमानतळावर अप्पांना विमानातली खिडकीजवळची जागा मिळाली. ते गेटसमोरच्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसले आणि दर दोन मिनिटांनी तिकीट खिशात आहे ना ते बघू लागले. एवढ्यात समोरून शेळकेच आला. टोपी, चाकांची बॅग, सगळं व्यवस्थित. त्याच्यामागे एक नवी मुलगी होती, उजव्या खुर्चीवर बसणारी.

‘‘मॅडम! काका चाललेत का? काका, बिनधास्त बसा, आपलंच विमान आहे.’’ तो अप्पांच्या पाया पडला. तो चांगला मुलगा होता. आजही आहे.

त्याने त्या मुलीला काहीतरी सांगितलं. ती हसली आणि त्याच्याकडे पाहत राहिली, आणि दोघं विमानाकडे गेले.

मी अप्पांच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘अप्पा, विमान रद्द झालंय.’’

अप्पांनी समोरचा बोर्ड वाचला. ‘‘वेळेवर असं लिवलंय की.’’

‘‘ते तसंच लिहितात.’’

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग बॅग उचलली. मी त्यांना बाहेर आणलं आणि बार्शीच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसवून दिलं. त्यांनी प्रवासभर खायला म्हणून विमानतळावर घेतलेलं बिस्किट मला परत दिलं. ते महाग आहे, तूच खा, म्हणाले.

मी हे काळजीने केलं की हेव्याने, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही.

सकाळी त्यांचा फोन आला. ‘‘टेंभुर्णीच्या अलीकडं गाडी बंद पडलीय. फॅनबेल्ट तुटलाय. दुसरा आणायला माणूस गेलाय.’’

‘‘काही खाल्लंत का?’’

‘‘चहा झाला.’’ मागे कोणीतरी बॉनेटवर काहीतरी आपटत होतं. ‘‘आपल्या शेजारचे सराफ काल त्याच विमानानं आले बघ. आत्ताच बोललो त्यांच्याशी. धा मिनिटं आधी पोचलं म्हणत होते. काय उतरवलं म्हणे, कळलंसुद्धा न्हाई.’’

‘‘बरं झालं,’’ मी म्हणाले.

‘‘त्या पोराला चांगलं चालवता येत न्हाई का?’’

‘‘चांगलं चालवतो, अप्पा.’’

‘‘मग?’’

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी मॅन्युअलमधलं काहीतरी सांगितलं असतं. अप्पांना सांगता आलं नाही.

मग त्यांनीच विचारलं, ‘‘तू असतीस पुढं, तर बसवलं असतंस मला?’’

‘‘उजवीकडे असते आणि डावीकडे खानोलकर असते, तर बसवलं असतं.’’

‘‘आणि तू डावीकडं असतीस तर?’’

मी घरात उभी होते. बघायला कोणीच नव्हतं.

‘‘अजून नाही, अप्पा.’’



‘‘बरं,’’ ते म्हणाले. ‘‘मग तवर मी गाडीनंच येत जाईन. घाई न्हाई.’’